डाव्या हाताचा राजा

काकांच्या खोलीत गेलं की आधी ऐकू यायचं, "श्वास घ्या. रोखा." मग बटणाचा खट्ट आवाज. भिंतीवरच्या, एक्स-रे बघायच्या व्ह्यू बॉक्सची ट्यूब दोनदा लुकलुकायची आणि पांढऱ्या उजेडात एक देव दिसायला लागायचा. सापाच्या वेटोळ्यावर आसन घालून बसलेला देव. डोक्यावर शिंगांचा मुकुट. एका हातानं त्यानं सापाची मान धरलेली, दुसऱ्या हातात एक कडं आणि एक काठी, आणि ती तो समोर उभ्या असलेल्या राजाला देतोय. राजानं एक हात वर केलेला. दोघांच्या खालच्या पट्टीत कमरेपासून मासा असलेल्या दोन बायका, हातांत पाण्याच्या धारा घेऊन. हे सगळं एका जुन्या दगडी शिळेवर कोरलेलं आणि तिचा फोटो एक्स-रेच्या फिल्मवर; शिळेचा बाकीचा भाग तुटून गेलेला.

"सोडा," असं काका म्हणाले की आम्ही सगळे श्वास सोडायचो.

काका एक्स-रे टेक्निशियन होते. कुवेतच्या खैतानमध्ये आमच्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर एका खोलीत राहायचे आणि रोज बसनं फिंतासच्या एका क्लिनिकमध्ये जायचे. क्लिनिकमध्ये कॉम्प्युटरवर एक्स-रे बघायला लागले तेव्हा जुना व्ह्यू बॉक्स टाकून देणार होते. काकांनी तो रीतसर अर्ज करून मागून घेतला आणि आपल्या पलंगासमोर लावला. लोकांच्या खोलीत जिथं टीव्ही असतो तिथं त्यांचा हा देव होता.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याला कारण तेच आहेत. एवढं शिळेचं वेड असलेला माणूस, पण त्यातल्या राजाचं नाव विचारलं तर सांगायचे नाहीत. "नाव कळलं की माणूस बघायचं थांबतो," म्हणायचे. मला त्यांच्याकडे लोकांनी अजून थोडा वेळ बघावं असं वाटतं.

श्वासाचं ते वाक्य त्यांना मराठी, हिंदी, अरबी, मल्याळम, बंगाली आणि आणखी दोनतीन भाषांत यायचं. आयुष्यभर दिवसाला शंभर वेळा म्हटल्यामुळे ते त्यांच्या तोंडातून कुठंही निघायचं. लिफ्टचं दार बंद होताना. आमटीचा पहिला घोट घेताना. माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा मोबाइल अब्बांच्या हातात होता आणि पान उघडत नव्हतं. काका मागं उभे होते. ते हळूच म्हणाले, "रोखा." निकाल दिसला, अम्मी रडली, मी नाचले, बकाल्यातून, म्हणजे खालच्या किराणा दुकानातून, थंड पेयाच्या बाटल्या आल्या, आणि बऱ्याच वेळानं काकांच्या लक्षात आलं की अब्बा अजून तसेच लालबुंद होऊन बसलेत. "सोडा मास्टर, सोडा," ते म्हणाले.

अब्बा दर्जी आहेत, म्हणून 'मास्टर'. खैतानच्या एका गल्लीत त्यांचं दुकान आहे, अरबी पुरुषांचे लांब झगे, दिशदाशा, शिवतात. आम्ही म्हसळ्याजवळचे. मी सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होते, मग इकडे आले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. फॉर्ममध्ये 'पालकांचं शिक्षण' असा रकाना आला की माझं पेन अजून थांबतं. कॉलेजात पहिलं वर्षभर मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. प्रश्न नव्हते असं नाही. पण विचारला तर सगळे मागं वळून बघतील असं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी एक जादा विषय घ्यायचा होता. 'प्राचीन जगातली कला' हा मी घेतला, कारण तो संपल्यावर बस मिळायची. दुसरं काही कारण नव्हतं. काकांना कळलं तेव्हा ते जिना उतरून आमच्याकडे आले आणि अब्बांना म्हणाले, "मास्टर, पोरगी रांगेला लागली."

कुठल्या रांगेला, ते अब्बांनी विचारलं नाही. काकांच्या शिळेपुढच्या, हे त्यांना माहीत होतं.

काकांची शिळा एलामची होती. एलाम म्हणजे आताच्या इराणचा नैर्ऋत्येचा भाग, तीन-चार हजार वर्षांपूर्वीचं राज्य. फिंतासच्या किनाऱ्यावर उभं राहून काका समुद्राकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, हे काय, इथंच. जणू समोरच्या इमारतीत राहणाऱ्या कुणाबद्दल बोलतायत. ते तिकडे कधी गेले नव्हते. जायची गरजही त्यांना वाटत नव्हती. फुप्फुसं बघायला आपण आत शिरतो का, असं विचारायचे.

कुठलंही चित्र, कुठलीही शिळा बघायची त्यांची पद्धत ठरलेली होती. तीन प्रश्न. कोण बसलंय? कोण उभंय? हात कुठंयत? त्यापलीकडे काही विचारायचं नाही. पुढं कॉलेजच्या मॅडम आम्हाला हेच बऱ्याच मोठ्या शब्दांत सांगायच्या. मी वहीत मोठे शब्द लिहून घ्यायचे आणि समासात काकांचे तीन प्रश्न.

हे तीन प्रश्न ते माणसांनाही लावायचे. एकदा अब्बा आणि ते इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, कामासाठी सरकारी कचेरीत गेले होते. लांबलचक रांग. काका अब्बांना समजावत होते की बघा मास्टर, जो बसलाय तो देव, ज्याचा नंबर आलाय तो राजा, बाकी आपण सगळे मिरवणूक. एलामच्या काही कड्यांवर भक्तांच्या अशा रांगांच्या रांगा कोरल्यात आणि त्यांतले कितीतरी लोक तोंडासमोर हात धरून उभे आहेत. काकांचा नंबर आला तेव्हा त्यांनीही अगदी मन लावून तोंडासमोर हात धरला. खिडकीतल्या साहेबानं कागद बघितले, काकांकडे बघितलं आणि काळजीनं विचारलं, दात दुखतोय का. काकांनी मान डोलावली. साहेबानं त्यांचा कागद सगळ्यांच्या आधी करून दिला आणि एका दंतवैद्याचं नाव लिहून दिलं. ती चिठ्ठी काकांनी बरेच दिवस व्ह्यू बॉक्सच्या क्लिपला लावून ठेवली होती. देवाचा प्रसाद, म्हणायचे.

काका आमच्याकडे जेवायला यायचे तेव्हा चमचा मागायचे. भात-माशाचं कालवण असो नाहीतर तांदळाची भाकरी, चमचा हवाच. इमारतीतली मुलं त्यांची नक्कल करायची. मला वाटायचं, डॉक्टर लोकांत राहून लागलेली सवय असेल. खरं कारण मला खैरानला कळलं.

इमारतीतल्या आठ-दहा घरांनी मिळून खैरानला एका दिवसासाठी शाले, म्हणजे सुट्टीचं भाड्याचं घर, घेतलं होतं. समुद्राला लागून, समोर मऊ वाळू. बायकांनी सकाळीच बिर्याणीचे डबे उघडले आणि काका वाळूत गुडघ्यावर बसले. तासाभरात त्यांनी सापाचं एवढं मोठं वेटोळं केलं की लहान मुलं त्यावर चढायला लागली. वेटोळ्यावर देव पाहिजे. काकांनी अब्बांना हाक मारली. अब्बा हसले, पण जागचे हलले नाहीत. "ते काम मला नको साहेब," ते म्हणाले. "मी दर्जी बरा. देवाचं माप पाठवा, झगा शिवतो."

काकांना ते पटलं. त्यांनी वेटोळं रिकामंच ठेवलं. मग पोरांची रांग लावली, प्रत्येकाचा हात तोंडासमोर. शेजारच्या शालेतलं एक कुवेती कुटुंब बघत उभं होतं. त्यातल्या आजोबांनी विचारलं, हे काय चाललंय. काकांनी आपल्या दवाखान्यातल्या अरबीत सांगितलं की हे तुमचे जुने शेजारी, पलीकडून आलेत. आजोबांनी दिशदाशा सावरली आणि नातवंडांना घेऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले. सगळ्यांच्या पुढं, रिकाम्या वेटोळ्यासमोर, राजा म्हणून काका उभे. "श्वास घ्या. रोखा." त्यांनी हात वर केला.

डावा.

मी फोटो काढत होते. ओरडून म्हणाले, काका, उजवा हात करा ना. ते वळून म्हणाले, "माझा राजा डावराच आहे गं."

भरतीनं साप गेला. पोरं पाण्यात पळाली. काका आणि मी वाळूत बसून राहिलो आणि त्यांनी मला सांगितलं. ते अंबाजोगाईकडचे. लहानपणापासून डावरे. लिहायचं, जेवायचं, दगड मारायचा, सगळं डाव्या हातानं. आत्यानं तो हात उपरण्यानं पाठीशी बांधून त्यांना जेवायला बसवलं होतं. महिनाभर. शाळेत पट्टी मिळायची ती वेगळी. सात वर्षांचे असताना गावच्या देवळात तीर्थ घ्यायला त्यांनी हात पुढं केला आणि पुजाऱ्यानं पळी मागं घेतली. मागं माणसं उभी होती. कुणीतरी हसलं. त्यांनी हात चड्डीला पुसला, जणू त्यात तीर्थ पडलंच होतं, आणि बाहेर आले. त्यानंतर त्यांनी कुठल्याच देवळात तीर्थासाठी हात पुढं केला नाही. डावा हात अन्नाला लागू नये म्हणून दुसऱ्याच्या घरी जेवताना चमचा मागायला लागले. तुमच्या घरीही डावा हात चालत नाही, आमच्या घरीही नाही, एवढी एक गोष्ट दोन्हीकडं सारखी, असं म्हणून ते मोठ्यानं हसले.

मग शिळेची गोष्ट. ते कुवेतला नवीन असताना इराणमधल्या खुझिस्तानचा, म्हणजे जुन्या एलामचाच, एक म्हातारा छातीचा एक्स-रे काढायला आला. तरुणपणी त्यानं उत्खननावर मजुरी केली होती. त्याचा एक्स-रे चांगला आला. काकांनी फिल्म उजेडात धरून त्याला त्याचीच फुप्फुसं दाखवली, तेव्हा त्यानं खिशातून या शिळेची एक स्लाइड काढली आणि म्हणाला, आता माझं तू बघ. पुढच्या वेळी आला तेव्हा ती स्लाइड देऊनच गेला. काकांनी डार्करूममधल्या मित्राकडून ती एक्स-रेच्या मोठ्या फिल्मवर उतरवून घेतली. पहिल्यांदा लावली, बघितलं, तर एक राजा देवासमोर डावा हात वर करून उभा. आणि देव रागावलेला नाही. देव त्याला कडं देतोय.

"सव्वीस वर्षं झाली," काका म्हणाले. "रोज सकाळी उठलो की त्याला बघतो. म्हणतो, चल गड्या, तू आहेस ना."

मी फक्त वाळू झटकत राहिले.

एक गोष्ट सांगायची राहिली. ती या आधीची आहे. अब्बा पहिल्यांदा काकांच्या खोलीत आले तेव्हा त्यांनी शिळेकडे दर्ज्याच्या नजरेनं बघितलं. राजाच्या झग्याची खालची झालर त्यांना फार आवडली. एवढी गच्च झालर दगडात करायची म्हणजे माणसानं आधी ती कापडात नीट बघितली असणार, म्हणाले. मग त्यांनी फिल्मची कड दोन बोटांत धरली, जशी ते कापडाची धरतात, आणि विचारलं, "साहेब, ह्याला उलट-सुलट नसतं का?"

काकांनी अभिमानानं सांगितलं की साध्या फोटोच्या फिल्मला असतं, एक बाजू चकाकते, एक नाही. एक्स-रेची फिल्म दोन्हीकडून सारखीच. म्हणून तर कोपऱ्यात शिशाचं अक्षर लावावं लागतं, डावीकडे एल किंवा उजवीकडे आर. ते अक्षर न लावणाऱ्या पोरांना त्यांनी आयुष्यभर झापलं होतं. एकदा एकानं अक्षर लावलं नाही तर त्याला दिवसभर डाव्या पायात उजवा बूट घालून काम करायला लावलं होतं. शिळेच्या फिल्मलाही त्यांनी चिकटपट्टीनं एल लावलेला होता. अब्बांनी मान डोलावली. पण फिल्म सोडण्याआधी बोटांनी ती दोन्हीकडून पुन्हा एकदा चाचपली.

आता कॉलेजचं. वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं एका प्राचीन शिल्पावर पंधरा मिनिटं बोलायचं होतं. मी कुठलं घेणार ते सांगायला नको. काका मे महिन्यात कायमचे गावी परतणार होते. त्यांची नोकरी संपली होती. माझं बोलणं त्याच्या दहा दिवस आधी होतं. मॅडमना विचारून मी काकांना बोलावलं. ते व्ह्यू बॉक्स स्वतः घेऊन येणार होते, अब्बांच्या दुकानाच्या गाडीतून. त्यांनी जुना कोट अब्बांकडे सैल करायला दिला. माझ्या भाषणाचा शेवट डावऱ्या राजावर होता. इंग्रजीत लिहून मी तो पाठ केला होता.

त्याच आठवड्यात मॅडमनी आम्हाला माती दिली. ओल्या मातीची वडी आणि एक चौकोनी टोकाची काडी. त्या काळचे लोक कसे लिहायचे ते हातानं करून बघा, म्हणाल्या. काडी दाबली की खिळ्यासारखी खूण उमटते. आडव्या खिळ्याचं डोकं नेहमी डावीकडे, निमुळतं टोक उजवीकडे. दगडावर कोरतानासुद्धा तसंच. मी माझी वडी वाळवून घरी आणली.

संध्याकाळी मी काकांच्या खोलीत भाषणाची तयारी करत होते. काका बाजारात गेले होते. राजाच्या झग्यावर तुटक अक्षरांच्या दोन ओळी आहेत. वाचता कुणालाच येत नव्हत्या म्हणून आम्ही त्यांच्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं. मी सहज वडी उजेडाजवळ धरली. वडीवरच्या खिळ्यांची डोकी डावीकडे होती. राजाच्या झग्यावरच्या खिळ्यांची उजवीकडे. सगळ्यांची.

मी वडी फिरवून बघितली. मग मान वाकडी करून फिल्म बघितली. मग मला अब्बांचा प्रश्न आठवला. फिल्म उलटी लागली होती. म्हणजे सगळंच उलटं. राजाचा वर केलेला हात उजवा होता.

मी बटण बंद केलं आणि घरी आले.

दोन दिवस मी वर गेले नाही. सांगायचं की नाही, एवढंच डोक्यात होतं. न सांगता भाषण केलं तर मॅडमच्या एका नजरेत ते कळलं असतं, तेही काकांच्या समोर, वर्गासमोर. शिळा बदलून दुसरंच काही घेतलं तर काकांनी कारण विचारलं असतं. आणि सांगितलं तर ज्याला बघून ते सव्वीस वर्षं रोज उठले, तो माणूस मी काढून नेणार होते. कशाच्या जोरावर? एका मातीच्या वडीच्या. अब्बांना विचारलं. ते काज करत होते. मान वर न करता म्हणाले, "गिऱ्हाईकाला झगा उलटा घालून लग्नाला पाठवायचा नसतो. दुकानातच सांगायचं."

शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी वर गेले. अब्बांनी सैल केलेला कोट दाराला टांगलेला होता. काका खुशीत होते. कोटाच्या खिशाला पेन लावू की नको, असं विचारत होते. माझ्याकडे बघून थांबले.

"काय झालं गं पोरी? भाषण रद्द झालं का?"

"नाही."

"मग अशी दारात काय उभी राहायलीस? वाईट रिपोर्ट असला तर डॉक्टरसुद्धा बसून सांगतो. बस."

मी बसले. वडी काढून त्यांच्या हातात दिली आणि खिळ्यांचं सांगितलं. पुढचं बोलायची गरजच पडली नाही. काकांनी भिंग घेतलं. वडी फिल्मशेजारी धरली. खूप वेळ बघितलं. मग पलंगाखालून खजुराचा एक जुना डबा ओढला, त्यातून ती स्लाइड काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. स्लाइडच्या पुठ्ठ्यावर डाव्या कडेला पेन्सिलीनं अरबीत एक शब्द लिहिलेला होता: यसार. म्हणजे डावी बाजू. म्हाताऱ्यानं काकांसाठी, त्यांना समजेल अशा भाषेत, लिहून ठेवलेला.

एक्स-रे बघताना पेशंट आपल्या समोर तोंड करून उभा आहे असं धरतात. त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. जगातला कुठलाही टेक्निशियन छातीची फिल्म अशीच लावतो. म्हाताऱ्यानं डावी म्हणजे बघणाऱ्याची डावी लिहिली होती. काकांनी पेशंटची धरली आणि ती बाजू उजवीकडे यावी म्हणून फिल्म फिरवली. डावीचा एल त्यांनी उजवीकडे लावला, शिस्तीनं, चिकटपट्टीसकट.

ते उठून मोरीशेजारच्या ओट्याकडे गेले. चहाचं भांडं ठेवल्याचा आवाज आला. पण गॅस पेटल्याचा आला नाही. मला वाटलं, आपण निघून जावं. मला वाटलं, आपण आलोच नसतो तर बरं झालं असतं. त्या पाच मिनिटांत मी खोलीतली प्रत्येक वस्तू बघून घेतली, फक्त व्ह्यू बॉक्सकडे बघितलं नाही.

मग काका परत आले. क्लिपमधून फिल्म काढली, चिकटपट्टी सोलून एल काढला, फिल्म उलटी करून पुन्हा लावली आणि बटण दाबलं.

"चल," ते म्हणाले. परीक्षा घेताना घ्यायचे तो आवाज. "कोण बसलंय?"

"देव."

"उभा कोण?"

"राजा."

"हात?"

मी खाली मान घालून म्हणाले, "राजाचा उजवा, काका."

"राजाचं सोड. राजाचं झालं. मी देवाचं विचारतोय."

मी वर बघितलं. देव तसाच सापावर बसला होता. एका हातात सापाची मान. आणि कडं-काठी पुढं करणारा दुसरा हात. मी मनातल्या मनात देवाच्या जागी बसून बघितलं, मग पुन्हा बसून बघितलं.

"डावा," मी म्हणाले. "देव डाव्या हातानं देतोय."

काका हलत नव्हते. त्यांनी श्वास रोखला होता. 'सोडा' असं म्हणणारं खोलीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मीच म्हणाले. ते जे हसायला लागले ते थांबेनात. डोळे पुसत, भिंतीला हात टेकत. "सव्वीस वर्षं," ते म्हणाले, "सव्वीस वर्षं मी राजाच्याच वशिल्यावर बसलो होतो, पोरी." मग त्यांनी दुकानात फोन लावून अब्बांना बोलावलं. अब्बा गळ्यात टेप घेऊन धावत आले, त्यांना वाटलं कुणाला काही झालं. काकांनी त्यांना फिल्मपुढं उभं केलं आणि म्हणाले, "मास्टर, तुम्ही विचारलं होतं. उलट-सुलट असतं."

भाषणाच्या दिवशी मी आधी फिल्म उलटी लावली, मग सुलट केली आणि काय चुकलं होतं, कसं चुकलं होतं, ते सांगितलं. वर्गात मागं कोटातले काका आणि त्यांच्या शेजारी अब्बा बसले होते. माझं संपल्यावर मॅडम म्हणाल्या, छान. पण सावधपणानं एक गोष्ट जोडली. शिल्पकार बरेचदा जो हात कोरायला सोयीचा तो दाखवतात, त्यामुळे डाव्या-उजव्याला काही अर्थ असेलच असं नाही.

मागं एक हात वर झाला. कुठला ते सांगायला नको.

"मॅडम," काका आपल्या इंग्रजीत सावकाश म्हणाले, "तुम्ही म्हणता तसंच असेल. त्याला सोयीचा वाटला म्हणून त्यानं डावा कोरला असेल. पण मग त्याचा राजा आला असेल, पुजारी आले असतील, त्यांनी बघितलं असेल. आणि कुणी पुसायला लावला नाही. मला तेवढं बास आहे."

मॅडमनी ते फळ्यावर लिहून घेतलं. सगळा वर्ग मागं वळून बघत होता. लोक वळून बघतात तेव्हा काही होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

काका जायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे जेवायला आले. अम्मीनं सुरमई केली होती. ताटं मांडताना मी सवयीनं त्यांचा चमचा घेतला. अम्मीनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि ओढणीआड धरून उभी राहिली. काकांनी ताटाकडे बघितलं, अम्मीकडे बघितलं. अम्मी म्हणाली, "काटे असतात भाऊ. चमच्यानं कळत नाहीत." काका हातानं जेवले. अब्बा दुसरीकडे बघून पाणी पीत राहिले, पण वाढायला मात्र तेच सरसावत होते.

व्ह्यू बॉक्स आता आमच्याकडे आहे. फिल्म काका घेऊन गेले. शिशाचा एल त्यांनी मला दिला, तो माझ्या किल्ल्यांना आहे.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. आवाज मोठा करून आम्ही तिघं ऐकत होतो. म्हणाले, देवळात जाऊन आलो. आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यांनी सांगितलं की बरीच गर्दी होती, ते रांगेत उभे राहिले, आणि पुजाऱ्यासमोर आल्यावर त्यांनी हात पुढं केला. डावा.

"मग?" अब्बांनी विचारलं.

"पुजारी आता तरुण आहे, मास्टर. कानाला मोबाइल लावून कुणाशी तरी गॅस सिलिंडरचं बोलायलाता. त्यानं माझ्या हाताकडं बघितलंसुद्धा नाही. पळी वाकडी केली आन् पुढचा."

"म्हणजे मिळालं?"

"मिळालं की."

ज्या गोष्टीसाठी माणूस पन्नासहून जास्त वर्षं थांबला, तिला एवढासा वेळ लागला होता. मग मी विचारलं, काका, कसं लागलं तीर्थ.

"थोडं कोमट होतं," ते म्हणाले. "तुळस जास्त झालीती." आणि फोनवर त्यांनी एक लांब श्वास सोडला.